राजाची उडी

रविवारी पहाटे मेथीच्या जुड्या बाजारात उतरवायच्या आणि मग वाशिमच्या क्लबात स्पर्धेला बसायचं, हे आता अंगाला झेपत नाही. तरी त्या दिवशी गेलो, कारण शेवटच्या फेरीत समोर क्लबातले भाऊ होते. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, रिठदच्या पारावर बुद्धिबळ शिकलेले. क्लबात आम्ही दोघंच जुने. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं. मला बाकी काही नको होतं, हा एक डाव हवा होता.

डाव लांबला. पाठ आखडली, डोळे चुरचुरायला लागले, पंख्याची घरघरही सहन होईना. भाऊही थकले होते, प्रत्येक चालीआधी चष्मा पुसत होते. पण त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला होता आणि पुढच्या चालीला मात ठरलेली होती. मनातल्या मनात मी पेढे वाटून मोकळा झालो.

भाऊंनी राजा उचलला, घोड्यासारखा अडीच घरं उडवून माझ्या प्याद्यामागे ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

पारावरच्या देशी डावात हे चालतं. शह बसलेला नसेल तर राजाला एकदा अशी उडी मारता येते. क्लबात येत नाही, आणि हे मला भाऊंनीच शिकवलं होतं. मी पंचांना बोलावलं. ते म्हणाले, चाल बाद. राजाला हात लावलाय, तर राजाच हलवा. राजाला एकच घर होतं. तिथे मी मात दिली.

"थकलो बाप्पा," भाऊ म्हणाले. "हात आपल्याच मनानं गेला."

मग त्यांनी पट पुन्हा त्या चालीआधीसारखा लावला आणि राजा उडवला. "आता तुही चाल."

मला चीड आली. "भाऊ, डाव संपला. मले घरी जाऊन झोपाचं हाय."

"कायले घाई करून राह्यला? पाह्य तं खरं."

मी पाहिलं. माझी सगळी फौज त्या रिकाम्या कोपऱ्यात अडकली होती. एक चाल करून पाहिली, मागे घेतली, दुसरी केली. दोन्ही वेळा त्यांचा हत्ती येऊन माझ्या राजासमोर उभा राहिला. मात.

"इथं तू गेला असता," भाऊ म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

घरी पोचलो तेव्हा बायको गोठ्यापाशी होती. हातातली बक्षिसाची ढाल पाहून तिने विचारलं, "हरवलं का शेवटी त्यायले?"

"जिंकलो," एवढंच म्हणालो आणि आत जाऊन आडवा झालो.