झाकणावरची तारीख

गल्लीत त्याला सगळे परदेशी म्हणत. गडी आयुष्यात गाव सोडून कुठे गेला नव्हता. पण कोपऱ्यावर मिळतात तीच थंड पेयं त्याच्या वीतभर दुकानात परक्या देशांतून आलेली असत. नाव तेच, रंग तोच, अक्षरं तेवढी अनोळखी. "तिकडे अजून खरी साखर घालतात," हे बावीस वर्षं सांगून सांगून त्याच्या जिभेला घट्टे पडले होते. आता तसल्या बाटल्या मॉलमध्येही मिळू लागल्या आणि नेमाने येणारं गिऱ्हाईक एकच उरलं: लायब्ररीतून निवृत्त झालेल्या बाई. दर शनिवारी संत्र्याची एक बाटली न्यायच्या.

प्रत्येक बाटलीवर आपल्या भाषेतली चिठ्ठी चिकटवायचं काम त्याचंच. यंदाची खोकी वेगळ्याच देशातून आली होती, आणि तिथे तारखेत महिना आधी लिहितात. झाकणावर होतं ४/११. कंटाळलेल्या हाताने त्याने 'चार नोव्हेंबरपर्यंत' लिहून टाकलं. पुढे खोक्याच्या तळाशी 'एप्रिल' छापलेलं दिसलं, तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता आणि बाईंनी तीन बाटल्या नेल्या होत्या.

त्याने ते खोकं बायकोला दाखवलं. बायको म्हणाली, गप्प बसा, बाई ठणठणीत आहेत. पण आपल्याकडचा माल अस्सल, एवढा एकच शब्द त्याने जन्मभर सांभाळला होता. तोही गेला तर दुकान उघडायचं कशासाठी?

शनिवारी बाई खुशीत आल्या. या तीन बाटल्यांना अगदी लहानपणची चव आहे, कित्येक वर्षं ती शोधत होते, असेल तेवढ्या द्या म्हणाल्या. त्याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

बाईंनी हातातली पिशवी फळीवर ठेवली.

"म्हणजे आम्ही तेव्हाही शिळंच पीत होतो?"

"असेल, बाई. तेव्हा तारीख कोण बघत होतं."

"मग तीच द्या."

"ते नाही जमायचं."

त्याने ताजी बाटली पुढे केली. बाईंनी ती हातात घेतली, परत ठेवली आणि पिशवीची घडी घालत निघून गेल्या. पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मग त्याने ते खोकं मोरीपाशी ओढलं. ओतायला लागण्याआधी एका बाटलीतला घोट घेऊन पाहिला. बाईंचं खरं होतं, चव लहानपणचीच होती. बावीस वर्षं अस्सल म्हणून तो जे विकत आला, ते हे नव्हतं. ती बाटली त्याने उभ्या उभ्या संपवली आणि बाकीच्या ओतून टाकल्या.