जाळीमागची खोली

कडावला भातशेतांच्या कडेला विद्यापीठाने एक शाळा काढली होती. सत्तर सालच्या आसपास मी तिथे दुसरीत होते. गावात तिला प्रयोगाची शाळा म्हणत. माझे आजोबा वडिलांपाशी कुरकुरत, "घोकायचं नाय, ठोकायचं नाय, मग पोरं शिकायची कशी रं?"

शिकत मात्र होतो. भाताचं बी ओल्या फडक्यात ठेवायचं, काय होईल ते आधी सांगायचं, मग रोज बघायचं. एकदा बघून काही ठरवायचं नाही, हा बाईंचा दंडक. आणि बाई उत्तर कधीच देत नसत. काहीही विचारा, "तुला काय वाटतं?" हे ठरलेलं. मला तर त्या प्रश्नाचा रागच यायचा.

वर्गाच्या एका भिंतीला बारीक जाळी होती आणि तिच्यामागे अंधारी खोली. शिक्षक व्हायला निघालेल्या विद्यापीठातल्या मुली तिथे बसून आम्ही कसे शिकतो ते पाहत. त्या आम्हाला दिसत नसत, आम्ही त्यांना दिसत असू. तिकडे बघायचं नाही, एवढंच आम्हाला सांगितलेलं. कधी आतून खोकला ऐकू येई, कधी बांगड्या वाजत.

भातकापणीच्या दिवसांत आई बाळंतपणासाठी कर्जतच्या दवाखान्यात गेली. मला भिसेगावच्या मावशीकडे ठेवलं. परत आले तर दांडीवर आईची लुगडी नव्हती, घरात बाळही नव्हतं. मावशी एवढंच म्हणाली, "मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात हाय गं ती. तिथनं बघते तुला."

मी पुष्कळ विचार केला. ती मला बघते आणि मला दिसत नाही, अशी जागा मला एकच ठाऊक होती.

मी जाळीकडे तोंड करून बसू लागले. चित्र काढलं की त्या बाजूला धरायचं. गाणं म्हणायचं ते तिकडे वळून. त्या अंधारातून दिवसभर कुणीतरी माझ्यावर नजर ठेवून आहे असं वाटे. भीती वाटायची, आणि ती नजर हवीहवीशीही वाटायची. बांगड्या वाजल्या की मी चित्र आणखी उंच धरायची.

शेवटी बाईंनी विचारलं, "तिकडं काय बघतेस गं सारखी?"

"आई आत बसलीय."

बाईंचा चेहरा उतरला. जे सगळ्या गावाला ठाऊक होतं, ते त्यांनाही ठाऊक होतं. नेहमीचा प्रश्न काही त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी माझा हात धरला आणि बाहेरून वळसा घालून त्या खोलीचं दार उघडलं. आम्हा मुलांना तिथे सक्त मनाई होती. बाकावर बसलेल्या चार-पाच जणी गडबडून उभ्या राहिल्या. मी एकेकीचं तोंड नीट पाहिलं.

"आज आली नाय," मी म्हटलं. "उद्या परत बघू, बाई. एकदा बघून ठरवायचं नाय, तुमीच सांगता ना?"

बाई माझ्यासमोर खाली बसल्या. सगळ्यांसमोर मला कुशीत घेऊन म्हणाल्या, "नाही येणार, बाळा. वारली ती."

त्या शाळेत मला मिळालेलं ते पहिलं सरळ उत्तर. मला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी ते दार पुन्हा उघडलं. आत कुणी नव्हतं. मी बाकावर बसून राहिले. जाळीतून माझी बसायची जागा अगदी स्वच्छ दिसत होती. तेव्हा मला रडू फुटलं.