माणूस असल्याची खात्री

लोकांनी लिहिलेले छोटे प्रोग्राम ठेवायला एक जागा असावी, त्यासाठी कुणा बड्या कंपनीच्या दारात जावं लागू नये, एवढ्याच हट्टापायी मी आणि माझ्या कॉलेजातल्या मित्राने सर्व्हर उभा केला. उभा कसला, विक्रोळीच्या चाळीत त्याच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला. मोजकीच माणसं यायची. त्यातल्या मनोरीच्या एक आंटी माझ्या फार लाडक्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतः शिकून त्यांनी गावातल्या बोटींसाठी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम लिहिला होता, तोही गावच्या बोलीत.

दसऱ्याला मित्राच्या आईने सर्व्हरला झेंडूची माळ घातली आणि थोड्याच दिवसांत येणाऱ्यांचा आलेख चढू लागला. "देव पावलो!" म्हणत तिने चाळभर पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. मी तर आंटींना फोन करून सांगितलं, जगभरातून लोक येतायत म्हणून.

ते लोक नव्हतेच. कुणाची तरी यंत्रं सगळं उपसून न्यायला मोठ्या प्रॉक्सी सेवांच्या आडून येत होती. म्हणजे यंत्र तेच, पण दार वाजवताना दरवेळी भलत्याच कुणाच्या घरचा पत्ता सांगायचं. प्रत्येक फाइलची प्रत्येक जुनी आवृत्ती पुन्हा पुन्हा मागायचं. एक पत्ता अडवला की दहा नवे हजर. सर्व्हर धापा टाकायचा आणि खऱ्या माणसांना पान उघडेना. माझा नुसता संताप व्हायचा. फुकट्यांनो, एकदा नेलंत ना, मग पुरे करा की!

"वाट लागली यार," मित्र म्हणाला. "दार लावून घेऊया ना."

मी बरेच दिवस अडून बसले. शेवटी आम्ही पहारा बसवला: येणाऱ्याच्या ब्राउझरने आधी एक गणित सोडवायचं, मगच आत. आलेख धाडकन खाली आला. मित्र खूश होता.

एरवी सारखी काहीतरी भर घालणाऱ्या आंटींच्या प्रोग्राममध्ये मात्र काहीच नवीन दिसेना. मी फोन केला.

"अगं, 'तुम्ही माणूस आहात याची खात्री करत आहोत' असं येतं आणि नुसतं गोल गोल फिरत राहतं," त्या म्हणाल्या. "माझा फोन जुना ना."

"मग मला सांगायचं नाही का, आंटी?"

"वाटलं, आता मोठमोठी माणसं येतात तुमच्याकडे. माझं कशाला."

पहारा आत्ताच्या आत्ता काढते, असं मी म्हणाले.

"नको गं पोरी. मुलीने सगळं त्या मोठ्या कंपनीकडे ठेवून दिलंय. तिथे पटकन उघडतं." मला वाईट वाटू नये म्हणून त्या पुढे बराच वेळ माशांबद्दल बोलत राहिल्या. फोन ठेवल्यावर मी रडले.

संध्याकाळी मित्राने विचारलं, "आज कसा आहे सर्व्हर?"

"शांत आहे," मी म्हटलं. "कुणीच येत नाही."

"झकास!" तो म्हणाला.