सुभेदारांचे मासे आणि माझं शेणखत

तुम्ही कधी मासा पाण्यात गुदमरलेला बघितलाय? मी बघितलाय. बघितलाय काय, मीच गुदमरवलाय! एक नव्हे, चांगले पाच. तेही होणाऱ्या सासऱ्याचे, त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोळ्यांदेखत. चहा आधी संपवा, मग सांगतो. उगाच अंगावर सांडाल.

सत्तर साल उलटून गेलं होतं. मी सांगलीत पाटबंधारे खात्यात नोकरीला होतो. खातं मोठं, नोकरी एवढीशी. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि ते ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. धरण मी लांबूनसुद्धा बघितलेलं नव्हतं. पाण्याशी माझा संबंध ऑफिसातल्या माठापुरता.

पण आमचे दादामामा! त्यांनी माझ्या लग्नाचं मनावर घेतलेलं. उंब्रजला एक रिटायर सुभेदार होते, त्यांची मुलगी सुमन, कराडला कॉलेजात शिकलेली. मामा त्या घरी जाऊन छाती ठोकून सांगून आले, "आमचा वसंता पाण्याच्या खात्यात हाय. पाण्यातलं त्याला कळत न्हाई असं काय न्हाई!"

आता मामांना म्हणायचं होतं की मुलाची नोकरी सरकारी आहे. सुभेदारांनी काय अर्थ घेतला, ते मला तिथं गेल्यावर कळलं.

मुलगी बघायला गेलो. सोप्यात पाऊल टाकतोय तोच समोर टेबलावर काचेची पेटी. दीड-दोन हात लांब, पाण्यानं भरलेली, आत पाच सोनेरी मासे! त्या काळात उंब्रजला ही चीज म्हणजे अजबच. सुभेदारांनी ती जबलपूरहून येताना आगगाडीत मांडीवर धरून आणली होती, आणि मासे मागाहून पुण्याहून. माशांना हुद्दे दिलेले. सगळ्यात मोठा मेजर, मग कॅप्टन, हवालदार, नाईक, आणि बोटाएवढा शेवटचा रंगरूट. पेटीच्या तळाशी प्लास्टिकची हिरवी-गुलाबी झाडं उभी.

सुभेदारांनी मला खुर्चीत बसू दिलं नाही. थेट पेटीपुढं उभं केलं.

"पाव्हणं, तुमी पाण्यातलं जाणकार. बगा बरं, आमच्या पेटीत काय कमी हाय?"

बोला! तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं की साहेब, मी शिक्के मारणारा माणूस. तोंड उघडलंही होतं मी. पण नेमकी त्याच क्षणी सुमन पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. आणि तिनं माझ्याकडं बघितलं. आता मला सांगा, अशा वेळी कुठला पुरुष म्हणतो की मला यातलं काही कळत नाही?

शिवाय दुर्दैव असं की मला अगदीच काही माहीत नव्हतं असंही नाही. चारच दिवसांपूर्वी केस कापायला गेलो होतो, तिथं एका जुन्या रविवारच्या अंकात 'घरातले मासे' असा लेख वाचला होता. म्हणजे अर्धा वाचला होता. उरलेल्या अर्ध्या पानाला कारागिरानं वस्तरा पुसला होता.

"प्लास्टिकची झाडं काही कामाची नाहीत," मी म्हणालो. "जिवंत झाडं पाहिजेत. जिवंत झाडं पाण्यात हवा सोडतात, पाणी चांगलं राहतं, मासे तरतरीत होतात."

सुभेदारांचे डोळे चमकले. "ऐकलंस का गं सुमे? आन् ही झाडं लावनार कोन?"

"कोन म्हंजे?" मामा पोह्यांचा घास तसाच तोंडात ठेवून म्हणाले, "वसंता लावंल की! पुढल्या ऐतवारी!"

"मग ठरलं," सुभेदार म्हणाले. "ऐतवारी पेटीचं काम करू. बाकीचं त्याच्यानंतर बोलू."

बाकीचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. सुमन दारात उभी राहून ऐकत होती. ओठ जरासे दाबलेले. मला वाटलं, कौतुक आहे.

पुढचा आठवडा माझा कसा गेला ते मलाच ठाऊक. ऑफिसात एका पत्रावर चार-चार शिक्के मारत होतो. लेखात झाडं 'का' लावायची ते होतं. 'कशी' लावायची ते वस्तऱ्याबरोबर गेलं. शनिवारी कृष्णेवर गेलो. काठाजवळच्या संथ पाण्यात लांब पात्यांचं गवत आणि दाट शेवाळ वाढलेलं. तिथं एक म्हातारा भोई जाळं सोडवत बसला होता. त्याला म्हटलं, जरा हे मुळासकट उपटून दे.

त्यानं मला खालीवर बघितलं. "सायेब, ह्ये म्हशीबी खात न्हाईत. न्येताय कुनासाठी?"

"सासऱ्यासाठी."

त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. मुकाट्यानं काढून दिलं.

आता राहिली माती. आमच्या गल्लीत एक काका होते, त्यांचा गुलाबाचा हात असा की लोक थांबून बघत. त्यांना विचारलं, "काका, नवीन रोपं लावायचीत. माती कशी घेऊ?" पाण्याखाली लावायचीत, हे मात्र बोललो नाही. अहो, पाटबंधारे खात्यातला माणूस, विचारणार कसं!

"सोपं आहे," काका म्हणाले. "एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. रोप असं उसळी मारतं बघ!" आणि त्यांनी प्रेमानं आपल्याच खड्ड्यातलं खत बांधून दिलं. जरा ओलसर होतं. वासही होता. म्हटलं, ताजं आहे, जोर असेल.

रविवारी सकाळी मी आणि मामा एस.टी.त. माझ्या मांडीवर डालड्याच्या डब्यात ओली झाडं, पायाशी मातीची पिशवी. कराड येईपर्यंत आमच्या पुढचं आणि मागचं अशी दोन्ही बाकडी रिकामी झाली होती.

उंब्रजला सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मासे बादलीत काढलेले, पेटी रिकामी करून पुसलेली. "करा सुरू," ते म्हणाले आणि हात मागं बांधून उभे राहिले.

मी मिश्रण तळाशी चार बोटं जाड पसरलं. त्यात झाडं खोचली, ढेकळं दाबून पक्की केली. दिसायला छान दिसत होतं हो, खरंच! मग पाण्याची दुसरी बादली उचलली आणि पाणी भस्सकन ओतलं.

पेटीत ओढ्याला पूर आला. निम्मी झाडं उपटून वर तरंगायला लागली. पाणी असं की पलीकडची भिंत दिसेना.

सुभेदार वाकून बघत राहिले. "पाव्हणं, ह्यात मेजर दिसायचा कसा?"

"बसेल गाळ. तासाभरात."

"मग मासं आत्ता टाकायचं का मागनं?"

घ्या! हे त्या अर्ध्या लेखात नव्हतं. मी क्षणभर थांबलो. पण थांबलो तर जाणकार कसला?

"टाका," मी म्हणालो.

एकेक करून पाची मासे आत गेले आणि दिसेनासे झाले.

जेवायला बसलो. मटणाचा रस्सा होता, पण माझी नजर सोप्यातल्या पेटीवर. पहिली भाकरी संपेपर्यंत गाळ जरा खाली बसला. दुसरी भाकरी घेतली आणि बघतो तो पाची मासे वर आलेले. अगदी वर. तोंडं पाण्याबाहेर काढून आ करताहेत, मिटताहेत, पुन्हा आ करताहेत.

सुभेदारांनीही बघितलं.

"सगळं वर का आल्यात?"

"आनंदानं!" माझ्या तोंडून निघून गेलं. "जिवंत झाडांची हवा लागली ना त्यांना. खूश झालेत."

गप्प बसायचं होतं की नाही? पण नाही! सुभेदार असे हरखले की हात न धुताच दारात गेले आणि आळीत हाक दिली, "या रं सगळी! मासं खुशीत आल्यात, बगा!"

दहाएक माणसं जमली. पेटीला गराडा. मी सगळ्यांच्या मागं, टाचा उंचावून. माशांची तोंडं आता मघापेक्षा हळू हलत होती.

"आरती म्हंत्यात जनू," एक म्हातारे कौतुकानं म्हणाले.

"व्हय, पर त्यो धाकला आडवा का झालाय?" दुसरा.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "आराम करतोय तो," मी म्हणालो. "जेवणानंतर."

"आराम?" सुभेदारांचा आवाज एकदम चढला. "दिवसा? माझ्या पेटीत दिवसा कोन झोपत न्हाई!"

आणि तेवढ्यात माजघराच्या दारातून सुमन आली. माणसं बाजूला सारत थेट पेटीशी. वाकली, वास घेतला, माझ्याकडं वळली.

"मातीत काय घातलंय?" आवाज हळू, पण असा की खोटं बोलायची सोयच नाही.

"शेणखत," मी म्हणालो.

"आबा, हे खुशीत नाहीत. श्वास कोंडलाय त्यांचा. मरायला टेकलेत."

पुढची दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. तिनं पदर खोचला, पिठाच्या चाळणीनं एकेक मासा उचलला आणि परसात हौदाच्या पाण्यानं भरून ठेवलेल्या टबात सोडला. मेजर. कॅप्टन. हवालदार. नाईक. चौघे कसेबसे सरळ झाले. रंगरूट मात्र आडवाच. पांढरं पोट वर.

"बघत काय बसलाय?" ती मला म्हणाली. "तांब्या घ्या. टबातलंच पाणी उंचावरून ओतत राहा. हवा मिसळते. थांबू नका."

मी बसलो टबापाशी, नव्या पँटीत, उकिडवा. तांब्या भर, वर ने, ओत. भर, वर ने, ओत. सारी आळी भोवती. सुभेदार समोर ताठ उभे, नजर त्या बोटाएवढ्या माशावर. दोनशे तांबे झाले असतील. खांदा भरून आला. आणि मनात एकच, अरे रंगरूटा, हल रे बाबा, एकदा शेपटी हलव!

कितीतरी वेळानं ती हलली. एकदा. मग पुन्हा. मग तो वाकडातिकडा पोहत मेजरच्या पोटाखाली जाऊन उभा राहिला.

सुभेदारांनी श्वास सोडला. मग माझ्याकडं वळले.

"पाव्हणं, आता खरं सांगा. खात्यात तुमी काय करता?"

"शिक्के मारतो."

"पान्याचं?"

"टपालाचे."

मामा परसातल्या पेरूच्या झाडाकडं असे निरखून बघायला लागले, जणू पेरू आयुष्यात पहिल्यांदाच बघताहेत.

"मला यातलं काही येत नाही, साहेब," मी म्हणालो. "अर्धा लेख वाचला होता. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. लाज वाटली."

सुमननं पेटी घासायला घेतली आणि घासता घासता, अगदी मास्तरीणबाईंसारखं, मला सांगत गेली. जबलपूरला शेजारच्या बंगल्यात अशी पेटी होती म्हणे, तिथं शिकलेली. "माती नाही, खत नाही. नुसती जाड वाळू, निवळ पाणी येईपर्यंत धुतलेली. झाडाची मुळं तेवढी वाळूत, कोंब मोकळा. पाणी ओतताना खाली बशी ठेवायची, म्हणजे वाळू उडत नाही. आणि मासे चार-सहा दिवसांनी सोडायचे, झाडं धरल्यावर."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मी न राहवून विचारलं.

"मला वाटलं, तुमच्या खात्याची काही नवी पद्धत असेल."

परतीच्या एस.टी.त मामा कराडपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. कराड स्टँडवर माझ्याकडं वळून एकच शब्द बोलले, "शेणखत?" त्यानंतर थेट सांगलीपर्यंत पुन्हा गप्प.

आठ दिवसांनी कार्ड आलं. आयुष्यात इतकी पत्रं हाताळली, पण हे उलटून वाचायला हात धजेना. सुभेदारांचं अक्षर, ओळी कवायतीसारख्या सरळ: 'मासे सुखरूप. झाडे धरली. मुलीस स्थळ पसंत. कारण विचारता म्हणाली, चूक झाल्यावर माणूस पळाला नाही, तांब्या सोडला नाही. आम्हासही पटले. मात्र यापुढे पेटीस हात लावू नये.'

लग्न झालं. उंब्रजलाच, दारात मांडव घालून. मी मामांच्या पाया पडून वचन घेतलं होतं की माशांचं प्रकरण आमच्याकडच्या कुणाला कळता कामा नये. मामांनी पाळलंही. ऑफिसातले साहेब लोक आलेले, सगळे पाहुणे खूश. मी निर्धास्त. पंगत बसली, घास भरवायची वेळ आली आणि बायकांनी सुमनला धरलं, नाव घे, नाव घे! तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ तसेच दाबलेले. तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की ते कौतुक नव्हे. पण उशीर झाला होता.

"काचेच्या पेटीत घातलं पोतंभर शेणखत,
वसंतरावांचं नाव घेते, मासे अजून आहेत पोहत!"

उंब्रजकर लोळायचे बाकी राहिले. आमच्याकडची माणसं मात्र नुसती गालात हसली. मुलीकडच्यांची काहीतरी थट्टा असेल, म्हणाली असतील, आणि पुन्हा जिलबीकडं वळली. तेवढ्यावर निभावलं होतं हो! नुसतं गप्प बसायचं होतं!

पण पोतंभर? अन्याय सहन होतो का माणसाला? मी ताडकन उठून उभा राहिलो आणि भर पंगतीत ओरडलो,

"पोतंभर नव्हतं! दोनच ओंजळी होतं!"