वखारीतले श्रोते

वृत्तपत्रविद्येचा अभ्यासक्रम आमच्या पुण्याच्या कॉलेजात नवा होता आणि मी तिथे हंगामी व्याख्याती होते. हंगामी म्हणजे दर जूनला नवं पत्र, आणि पत्रावर सही विभागप्रमुखांची. माझा प्रबंधही त्यांच्याच हाताखाली चालला होता. प्रबंधाला जोडून माहितीपट करायचा, ही कल्पना त्यांची. दोन्ही पुरं झालं की कायम करू, असं ते म्हणाले होते. तोंडी.

मी चिंचवडला भावाकडे राहत होते. नवरा गेल्यावर आले ती राहिलेच. वहिनी स्वभावाने वाईट नव्हती. फक्त मे महिना आला की पोळ्या लाटता लाटता विचारायची, “वन्सं, यंदा तरी कायम होणार ना?” दोन खोल्या आणि सहा माणसं. तिचा प्रश्न रास्त होता.

खेड्यात वर्तमानपत्र पोचतं कसं, हा माझा विषय. महाळुंगे निवडलं, कारण तिथे गावात मिळून एकच अंक येई, तोही आदल्या दिवशीचा. चाकणपर्यंत एसटी आणि पुढे चालत, अशी मी आठवड्यातून दोनदा जायचे. दुपार कलली की शाळेतले गुरुजी चावडीवर बसून अंक वाचून दाखवत. समोर पंधरा-वीस पुरुष. बायकांनी चावडीवर बसायची रीत नव्हती. मलाही कोणी बसा म्हटलं नाही. मी शेजारच्या कांद्याच्या वखारीत जाऊन बसले, कारण सावली तेवढीच होती.

वखारीत सात-आठ बायका कांदे निवडत. सडके एकीकडे, मोड आलेले दुसरीकडे. वखार आणि चावडी यांची भिंत एकच, आणि तिच्यात वर एक झरोका. गुरुजींचा आवाज तिथून स्वच्छ ऐकू येई. पहिले दोन दिवस मला वाटलं, बायकांचं लक्षच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईने विळ्याच्या मुठीने भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडे गुरुजी थांबले. “थांबा हं, चष्म्यावर धूळ बसली,” म्हणाले, आणि तीच बातमी पहिल्यापासून पुन्हा, सावकाश वाचली.

मी तिच्याकडे बघत राहिले. ती कांद्यांकडे बघत होती.

तिला सगळे आत्याबाई म्हणत. तरुणपणी सासर सुटलं, तेव्हापासून ती भावाच्या घरी, त्यामुळे निम्म्या गावाची आत्याच. बातमी होती मुलींना बापाच्या मालमत्तेत वाटा देणाऱ्या कायद्याची. तो अजून व्हायचा होता, दिल्लीत वाद चालले होते. हे चावडीवरचे पुरुष घरी जाऊन सांगणार नव्हते. बाजारभाव सांगत, कुस्तीचा निकाल सांगत. हे नाही.

“किती दिवस चाललंय हे?” मी विचारलं.

“काय?” आत्याबाई म्हणाली.

“हे ठोकणं.”

“उंदरं लई झाल्यात बाई वखारीत. त्यास्नी हाकलतो आमी.”

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, “वय झालं. वाचताना अडखळतो मी. तसं लिहून घ्या.”

दोन महिन्यांनी आत्याबाई माझ्याशी सरळ बोलू लागली. मी हंगामी आहे, भावाकडे राहते, हे मीच तिला सांगितलं होतं. कायद्याचं कुठवर आलं, हे ती मला विचारी. झाला तर भावाकडे हिस्सा मागता येईल का, हेही. मी म्हणाले, नीट कळायला हवं, कायदा छापून आला की गुरुजींना सगळा वाचायला लावा. “तेवढ्यासाठीच बसलीया मी हितं,” ती म्हणाली.

चित्रणासाठी कॅमेरा विभागाचा होता, चावी देऊन चालणारा. एका चावीत अर्धं मिनिट चाले आणि आवाज घेता येत नसे. निवेदन मागून जोडायचं. मी चावडी घेतली, बस घेतली, अंक उलगडणारे गुरुजी घेतले. पुण्याला विभागप्रमुखांनी ते पडद्यावर पाहिलं आणि दिवा लावला.

“हे कुठल्याही गावात दिसेल, बाई. यात संशोधन काय आहे?”

मे उजाडायला तीन आठवडे होते. मी त्यांना भिंतीची गोष्ट सांगितली.

ते खुर्चीतून उठलेच. “अहो, मग हे घ्या ना! हाच तुमचा प्रबंध!”

आत्याबाईला मी खोटं सांगितलं नाही. परीक्षक पाहतील, पुण्यात, चार-पाच माणसं, असं सांगितलं. मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं. तिने विचार केला. “पुन्यात दाव. गावात न्हाई,” म्हणाली. मी बरं म्हटलं. मग वखारीच्या दारात पत्रा तिरका धरून ऊन आत पाडलं आणि तिचा हात, विळ्याची मूठ, भिंत असं सगळं घेतलं. दुसऱ्या चावीत चावडीवर चष्मा पुसणारे गुरुजी. कशासाठी ते गुरुजींना सांगितलं नाही. दोन तुकडे जोडल्यावर ते इतकं उघड दिसत होतं की मला स्वतःच्या कामाचं कौतुक वाटलं.

माहितीपट तयार झाला. निवेदन विभागप्रमुखांनी स्वतःच्या आवाजात केलं. मग त्यांनी सांगितलं, “आता गावात दाखवायचा. ज्यांचं चित्रण केलं त्यांना आधी दाखवायचं, हा आपल्या विभागाचा नियम राहील.”

नियम चांगलाच आहे. आजही मी तो शिकवते.

मी म्हणाले, गावात वीज नाही. ते म्हणाले, प्रसिद्धी खात्याची गाडी मिळतेय, जनरेटरसकट. मी म्हणाले, अंधार लागेल. ते म्हणाले, शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावू. मी दिलेल्या शब्दाबद्दल बोलले नाही. बोलले असते तर ते म्हणाले असते, ठीक, तेवढा भाग काढा. आणि तो काढला की प्रबंध राहत नव्हता. कात्री माझ्या टेबलावर दोन दिवस होती. प्रत एकच होती. मी तिला हात लावला नाही.

शाळेत पुरुष पुढे बसले, बायका मागे दाराशी. सुरुवातीला नुसता दंगा. “आरं, त्यो बघ तुजा पटका!” “पटक्यापरीस त्वांड बघ की, बसच्या टपावानी!” मग वखार आली. हात आला. निवेदनात विभागप्रमुखांचा भारदस्त आवाज म्हणाला की, भिंतीपलीकडच्या भगिनींची विनंती गुरुजी चष्म्याच्या निमित्ताने पुरी करतात.

मग पुढून एक जण म्हणाला, “म्हंजे गुरुजी, तुमचं डोळं चांगलं हायती म्हना की!”

सगळी शाळा हसली. कोणी रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. गुरुजीही हसले, पण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मागे वळून पाहिलं तेव्हा दाराशी बायका नव्हत्या.

महिन्याभराने मी गेले. गुरुजी वाचत होते, पण प्रत्येक बातमी एकदाच आणि भरभर. जरा अडखळले की कोणीतरी विचारी, “काय गुरुजी, पलीकडनं हुकूम आला का?” वखारीच्या मालकाने निवडणीचं काम मळ्यात हलवलं होतं. तिथून चावडी मैलभर. मी मळ्यात गेले. आत्याबाई एकटीच कांद्याच्या ढिगापाशी बसली होती.

“कायद्याचं कळलं का काही?” मी विचारलं. तोपर्यंत तो संमत झाला होता, अंकात सविस्तर आला होता.

“हितं कोन वाचतंय?” ती म्हणाली. मग वर न बघता, “तुजं काम झालं का पक्कं?”

“अजून नाही.”

“व्हईल.”

मी तिथेच बसून कायद्यातलं मला कळलं तेवढं सांगितलं. ती ऐकत होती की नाही, सांगता येणार नाही. शेवटी म्हणाली, “एकदा ऐकून न्हाई ध्यानात ऱ्हात बाई.” मी पुन्हा सांगायला लागले, तर तिने हाताने थांबवलं. “जा. तुजी गाडी चुकंल.”

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांना माहितीपट फार आवडला. त्यांनी एकच अवघड प्रश्न विचारला, “ही पद्धत अजून चालू आहे का?” विभागप्रमुख माझ्याकडे पाहत होते. प्रबंधात सगळी वाक्यं वर्तमानकाळी होती.

“हो,” मी म्हणाले.

जूनमध्ये कायमचं पत्र मिळालं. मी स्टेशनजवळ स्वतःची खोली घेतली आणि वहिनीने भांडी दिली. माहितीपट अभ्यासक्रमात लागला. दर वर्षी नव्या वर्गाला मीच तो दाखवते, कारण प्रोजेक्टर दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही. प्रबंध ग्रंथालयात आहे. पुढे काय झालं, याचं एक पान त्याला जोडता येईल का, असं मी कार्यालयात विचारलं होतं. मान्य झालेल्या प्रबंधात पान घालता येत नाही, असं उत्तर आलं.