बिनरंगाची पेस्ट

दिंडोरीच्या आमच्या द्राक्षबागेतला मागचा अर्धा एकर वडिलांनी त्या वर्षी छाटणीनंतर दादाच्या आणि माझ्या हवाली केला. "डोळे एकसारखे फुटले तर पुढच्या सालापासून सगळी बाग तुमची. नाय तर माझ्या हाताखाली राबा," आप्पा म्हणाले. मला आनंदानं जेवण जाईना!

काडीवरचे सगळे डोळे, म्हणजे जिथून कोंब येतात ती टोकं, एकदम फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावतात. कुठं लावली ते दिसावं म्हणून तिच्यात लाल रंग कालवतात. रंग आणायचं काम माझं, आणि मी पुडी घरीच विसरलो. दादा म्हणाला, "जा, घेऊन ये." पण मला दम कुठला! "रंगावाचून काय अडतंय? आपण काय आंधळे हाय का?"

दोन टोकांकडून सुरुवात करून मधल्या ओळीत भेटलो, तेव्हा डोळे उघडले. पेस्ट वाळून दिसेनाशी झालेली. मधली सहा झाडं कोणी केली? नक्की कोणालाच आठवेना; मी म्हणे तू, तो म्हणे तू. राहिली असतील तर फुटणार नाहीत, दोनदा लावली तर डोळे जळायचे. भांडून घरी आलो.

रात्रभर तळमळलो. तांबडं फुटताच पुडी शोधली, खिडकीतच होती, आणि बागेत पळालो. पाहतो तर सहाही झाडं लालभडक! दादा हातमोजे धूत होता. तो रात्रीच दुकानातून दुसरी पुडी घेऊन आला होता.

"जळली तर मी जाळली म्हणायचं," तो म्हणाला. मला रडूच आलं.

आप्पांनी विचारलंच, "सहाच झाडं लाल कशी?"

"रंग कमी पडला," दादा म्हणाला.

मग रोज पहाटे, पहिला कोंब कोण बघतो याची आमची शर्यत. अकराव्या दिवशी काडी न् काडी हिरव्या-गुलाबी कोंबांनी भरली, ती सहासुद्धा! मी नाचलोच. आप्पा आले तेव्हा मला राहवेना. "आप्पा, रंग मी विसरलो होतो."

"म्हाईत हाय. पुडी खिडकीत दिसली होती. म्हणलं, बघू, कोण कोणाचं नाव सांगतंय." त्यांनी बागेला पाणी देणाऱ्या मोटारीच्या खोलीची किल्ली दादाच्या हातात ठेवली.

दादानं ती माझ्याकडं फेकली. "घे. ही तरी घरी विसरू नको."