व्याह्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स

सालोमी तुस्कानोचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून गेला, असं तिचं ठाम मत होतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे होतं असं. त्यावर ती म्हणाली, "मग उजवा कसा नाही गेला? तोही माझ्याच वयाचा आहे." डॉक्टरांना हसू आलं. पण त्यांनी बजावलं ते खरंच होतं. शाळेची व्हॅन आता पुरे, आणि पुढे गाडी चालवायचीच असेल तर क्लच नसलेली घ्या.

व्हॅन सोडणं तिला जड गेलं. मुलगी सँड्रा पहिलीत होती तेव्हा व्हॅनवाला वरचेवर दांडी मारायचा आणि पोरं नाक्यावर ताटकळायची. एका सकाळी सालोमी तणतणत घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "ही व्हॅन मी चालवणार." डेरिक वाडीत केळीच्या बुंध्याशी वाकलेला होता. तो वर न बघताच म्हणाला, "लायसन?" ती म्हणाली, "काढते." एवढीच चर्चा झाली. तेव्हापासून वसईतल्या सांडोर गावची किती पोरं तिच्या गाडीत भांडली, झोपली, ओकली, त्याचा हिशेब नाही. त्यातल्या काहींची पोरंही तिच्याच व्हॅनमधून शाळेला गेली. गावात तिला कोणी गाडीबद्दल शहाणपण शिकवायला जात नसे.

व्हॅन तिने गिरीजच्या एका बाईच्या हवाली केली आणि घरासाठी गाडी शोधायला लागली. डेरिक गाडी चालवत नाही, त्याला सायकल आणि वाडी पुरते. म्हणजे गाडी हिचीच. आणि गाडी सेडानच हवी, हेही तिने ठरवून टाकलं होतं. हल्ली जो तो उंच गाडी घेतो, पण सासूबाईंचं, म्हणजे कॅथरीनआजींचं, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. उंच गाडीत त्यांना दोघांनी उचलून चढवावं लागे. सेडानमध्ये त्या आधी बसायच्या आणि मग पाय आत घ्यायच्या. आजींचं माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं, बोलणं अजून तिथलंच. त्या म्हणायच्या, "ही बरी हाय. चढायला लागत नाय, नुसतं टेकायचं." शिवाय त्यांची चाकाची खुर्ची मागच्या डिकीत बसायला हवी होती.

सेडानचं ठरलं. अडलं होतं ते ऑटोमॅटिकवर.

धाकटा दीर रॉबर्ट म्हणाला, "वहिनी, ऑटोमॅटिक नको. इंजिन बिघडलं तर वसईत दहा मेकॅनिक सापडतील. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स बिघडला तर गाडी दारात उभी राहील, तिच्यावर शेवग्याची पानं पडतील." रॉबर्टचं बोलणं अतिशयोक्तीचं असलं तरी पोकळ नव्हतं. त्याच्या ऑफिसातल्या एकाची गाडी अशी दोन महिने उभी होती.

त्याच सुमारास स्टीवन आला. स्टीवन म्हणजे सालोमीचा होणारा व्याही. त्याच्या ॲल्रॉयशी सँड्राचं लग्न ठरलं होतं, जानेवारीतली तारीखही चर्चमध्ये पक्की झाली होती. गोखिवऱ्यात त्याचा प्लास्टिकचे साचे बनवायचा गाळा होता. माणूस दिलदार, थोडा मोठ्या आवाजात बोलणारा. चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला, "विहीणबाई, बाहेर कशाला शोधता? मी मोठी गाडी घेतोय. माझी सेडान तुम्ही घ्या. ऑटोमॅटिक आहे, ओरखडा नाही. पैशांचं आपण घरातल्या घरात बघू."

डेरिकला हायसं वाटलं. सँड्राला तर आनंदच झाला. सालोमीने "बघू या" म्हटलं आणि नानकटाई पुढे केली.

तिला गाडीची सवय होती, पण हाताने गिअर टाकायच्या गाडीची. ऑटोमॅटिकमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे तिला माहीत होतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर लोक आवारात गप्पा मारत रेंगाळतात, तेव्हा ती उभ्या असलेल्या गाड्यांकडे गेली. ज्या गाडीत दोनच पेडल दिसतील, त्या गाडीच्या मालकाला गाठायचं आणि सरळ विचारायचं, असा तिचा कार्यक्रम होता. किती वर्षं झाली? कधी दगा दिला? कुठे दिला? फादर बाजूने जाताना म्हणाले, "सालोमी, वर्गणी गोळा करतेस की काय?"

"नाही फादर, अनुभव गोळा करते. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे?"

फादरांची साधीच होती. ते सुटले.

असं विचारता विचारता तिला कळलं की ऑटोमॅटिक ही एक जात नाही. काही गाड्यांत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच आपल्याऐवजी मशीन दाबतं. स्वस्त पडतं, पण चढावर अडखळतं. काहींत पट्टा असतो, गाडी मऊ चालते. काहींत दोन क्लच असतात, मोकळ्या रस्त्याला पाण्यासारखी पळते, पण गर्दीत तापायचा संभव. आणि काहींत तेलावर चालणारी जुनी पद्धत असते, पेट्रोल जरा जास्त खाते पण सोसते फार. शेवटचं हे क्रिस्टिनाने सांगितलं. क्रिस्टिना नर्स. ठाण्याच्या हॉस्पिटलात कामाला, रोज घोडबंदर रोडने जाणारी-येणारी.

"स्टीवनची दोन क्लचवाली आहे," क्रिस्टिना म्हणाली. "वाईट असते असं नाही गं. माझ्या भावाची आहे, तक्रार नाही. पण सकाळी सकाळी चर्चला फेरी मारून पसंत करू नकोस. गार असताना सगळ्याच चांगल्या चालतात. तापवून बघ."

सालोमीने घरी येऊन स्टीवनला फोन केला. "भाऊ, शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन या. सगळे बसू, गायमुखच्या घाटापर्यंत जाऊन येऊ."

"शुक्रवारी? घोडबंदरला? अहो, मुंगी शिरायला जागा नसते तिथे!"

"म्हणून तर."

ऑक्टोबरचं ऊन होतं. स्टीवन पुढे बाजूला बसला, मागे डेरिक, सँड्रा आणि खिडकीशी कॅथरीनआजी. नाक्यावर पोचायच्या आतच सालोमीने चूक केली. गाडी थांबवायची म्हणून सवयीने डावा पाय क्लच शोधत गेला आणि ब्रेकवर जोरात पडला. सगळे पुढे आपटले. आजींच्या मांडीवरची पिशवी खाली गेली, त्यातली सुपारी सीटखाली घरंगळली.

"डावा पाय विसरा, विहीणबाई," स्टीवन खळखळून हसला. "तो आता पाहुणा!"

सालोमीही हसली. डावा पाय तिने मागे सीटला टेकवून ठेवला आणि मग गाडी अशी चालली की तिलाच मजा वाटायला लागली. रेल्वेच्या पुलावरून पूर्वेला, गोखिवऱ्यावरून हायवेला, खाडी ओलांडून फाउंटन हॉटेलच्या नाक्याला डावीकडे. कुठे धक्का नाही, कुठे आवाज नाही. तिच्या मनात आलं, आपण उगाच एवढा खटाटोप केला. स्टीवन मागे वळून डेरिकला सांगत होता, "लोण्यासारखी आहे की नाही?"

घाटाच्या पायथ्याला रांग लागली. कंटेनर, टँकर, रिक्षा, सगळे एकमेकांना चिकटून. हातभर पुढे, थांबा. पुन्हा हातभर पुढे. एसी लावलेला, पाच माणसं, चढ. असा अर्धाएक तास गेला असेल. मग पुढे सरकताना गाडीने हिसका दिला. सालोमीने पायाकडे पाहिलं. पाय तर बरोबर होता. पुन्हा हिसका. आणि समोर पिवळा दिवा लागला. तिने ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, पण गाडी जागची हलेना. मागचा टँकर भोंगा वाजवायला लागला.

"कडेला, कडेला घ्या," स्टीवन म्हणाला. "काही नाही झालं."

कडेला तरी कशी घेणार? डेरिक आणि सँड्राने उतरून ढकलली, एका रिक्षावाल्याने हात लावला, तेव्हा गाडी कठड्याशी लागली. सालोमीने इंजिन बंद केलं. कॅथरीनआजी खिडकीतून खाडीचं पाणी बघत शांत बसल्या होत्या.

"घाबरायचं कारण नाही," स्टीवन म्हणाला. "पाच-दहा मिनिटं बंद ठेवायची. मग लागते व्यवस्थित. दरवेळी असंच होतं."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

सँड्राने आईकडे बघायचं टाळलं. सालोमीने आवाज न चढवता विचारलं, "दरवेळी म्हणजे?"

"म्हणजे... गर्दीत. कधीमधी. गेल्या वर्षापासून. विहीणबाई, देवाशपथ, मला तो बिघाड वाटलाच नाही. माणूस दमतो तशी गाडी दमते, असं म्हणून सोडून देत होतो."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. त्याने ही गाडी मायेने वापरली होती, आणि मायेच्या माणसाची खोड आपण जशी चालवून घेतो तशी चालवून घेतली होती. खरंच थोड्या वेळाने गाडी मुकाट्याने सुरू झाली. परतीला ती लोण्यासारखीच चालली.

घरी पोचल्यावर सालोमीने सगळ्यांना आत पाठवलं आणि अंगणातच स्टीवनला सांगितलं. "भाऊ, ही गाडी मी घेणार नाही. माझी सासू आत बसलेली असताना रस्त्यात ढकलायची वेळ यायला नको. आणि उद्या मी हौसेने घेतली आणि बिघडली, तर मी तुम्हाला बोल लावीन, तुम्ही मला लावाल, आणि मध्ये पोरं भरडतील. त्यापेक्षा आज वाईट वाटलं तरी चालेल. सँड्राला तुमच्या घरी देताना माझ्या मनात काडीचीही शंका नाही. गाडीची आहे."

स्टीवनने मान हलवली, किल्ली खिशात टाकली आणि चहा न घेता निघून गेला.

मग त्याचा फोन येईना. पत्रिकांचा नमुना बघायला तो येणार होता, आला नाही. ॲल्रॉयही सँड्राशी जपून बोलायला लागला. सँड्रा रडकुंडीला आली. "आई, गोड बोलून नाही म्हणता आलं नसतं? दुसरी मिळाली म्हणून सांगायचं."

"आणि त्यांनी ती गाडी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात बांधली असती तर?" सालोमी अळूची पानं पुसत म्हणाली. "मी काय चुकीचं बोलले ते सांग, आत्ता जाऊन माफी मागते."

सँड्राने एक पान उचललं आणि तीही पुसायला लागली.

"मग थांब. माणूस चांगला आहे. चांगल्या माणसाचा राग उतरायला थोडा वेळ लागतो, कारण तो आधी स्वतःवर असतो."

डेरिक मात्र रात्री कूस बदलत राहायचा. सालोमी गाढ झोपायची.

स्टीवन आला तो पुढच्या आठवड्यात, संध्याकाळी, रिक्षाने. गाडी वर्कशॉपला सोडून आला होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "दोन्ही क्लच गेलेत. वर्कशॉपवाला मला विचारतो, साहेब, वर्षभर काय करत होता? मी म्हटलं, वाट बघत होतो!" आणि स्वतःच इतका मोठ्याने हसला की आजी आतून विचारत्या झाल्या, कोन आलं? मग तो खुर्चीत टेकत म्हणाला, "ॲल्रॉयची आई मला म्हणाली, सून त्या घरातून येतेय हे बरं आहे. मलाही ते पटलं. पण मला चार दिवस लागले."

"चहा?" सालोमीने विचारलं.

"दोन कप."

दुरुस्त करून त्याने ती गाडी विकली, घेणाऱ्याला सगळं सांगून. आणि सालोमीची गाडी बघायला तोच तिच्याबरोबर हिंडला. तेलावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीची, एका निवृत्त प्राध्यापकांनी वापरलेली पांढरी सेडान तिला नालासोपाऱ्यात मिळाली. रॉबर्टने नाक मुरडलं. "सहाच गिअर? आणि पेट्रोल पिणार बघ." सालोमी म्हणाली, "पिऊ दे. पिऊन चढली पाहिजे." तीही तिने गायमुखला नेली, शुक्रवारीच. गाडी रांगेत तासभर तापली आणि कसलीही कुरकुर न करता वर गेली. घेतल्या घेतल्या तिने गिअरबॉक्सचं तेल बदलायला लावलं. वर्कशॉपवाला म्हणाला, कंपनी म्हणते हे आयुष्यभर चालतं. तिने विचारलं, "कोणाच्या आयुष्यभर?" त्याने निमूट बदललं.

लग्न थाटात झालं. गर्दी ओसरल्यावर, ईस्टरनंतरच्या आठवड्यात, कॅथरीनआजी एका सकाळी म्हणाल्या की नाशिकच्या कॉन्व्हेंटात त्यांची धाकटी बहीण सिस्टर आहे, तिला बघून फार वर्षं झाली, आनि आता कोन कधी जाईल सांगता येत नाय. सालोमीने डबा भरला, चाकाची खुर्ची डिकीत टाकली आणि निघाली. कसारा घाट चढताना आजींनी मागून विचारलं, "भारी चढ हाय. जाईल ना गं?"

"जाईल," सालोमी म्हणाली.

वर इगतपुरीला गार वारा लागला. आजींनी काच खाली करायला लावली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि डब्यातला पानपोळा मागितला.